शेजारच्या बाकावरचा माणूस

(युवा शिबिरातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्यिक नाही. त्यामुळे चांगलं कसं लिहावं हे मी सांगणार नाही. एकत्र बसून लिहिल्याने एका वर्गातली माणसं एकमेकांना कशी कळतात, एवढ्यावरच बोलतो.

आपल्यापैकी बरेच जण मिश्र वर्गात शिकलो. इंजिनिअरिंगची चार वर्षं माझ्या वर्गात साठ मुलं होती. सबमिशन एकत्र, मेस एकत्र, क्रिकेट एकत्र. ईदला माझ्याकडे शीरखुर्मा, दिवाळीला त्यांच्याकडे फराळ. तरी त्यांना माझ्याबद्दल काय माहीत होतं? मी मुसलमान आहे आणि माझं मराठी 'चांगलं' आहे. मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? आडनाव, गाव आणि मार्क. एकमेकांच्या घरचं खाल्लं, पण घरातलं काही विचारलं नाही.

नोकरी लागल्यावर पुण्यात रविवारच्या एका लेखनवर्गात नाव घातलं. आम्ही अकरा जण होतो. नियम तीन. वीस मिनिटं लिहायचं. पाहिलेलं, अनुभवलेलं लिहायचं, मत लिहायचं नाही. मग मोठ्याने वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी न कळलेलं तेवढंच विचारायचं. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. चांगला रिव्ह्यूअर 'तुला येत नाही' म्हणत नाही, 'ही ओळ इथे कशासाठी?' असं विचारतो. तसंच हे.

मत न लिहिण्याचा नियम मला फार मोलाचा वाटला. मुसलमान पोराला बोलायला सांगितलं की बहुतेक वेळा मतच मागतात. तलाकवर, हिजाबवर, पाकिस्तानवर. सगळ्या समाजाची वकिली त्याच्या गळ्यात. इथे विषय होता 'वडिलांचे हात'. लेथवर काम करणाऱ्या अब्बांच्या तळहातात लोखंडाचा चुरा रुतायचा आणि अम्मी तो सुईने काढायची, हे मी लिहिलं. बीडच्या एका मुलाने ऊसतोड करणाऱ्या वडिलांच्या बोटांवरचे कोयत्याचे व्रण लिहिले. एका मुलीने लिहिलं की वडिलांचा हात तिने कधी हातात घेतलाच नाही, घरात तशी पद्धत नव्हती. मला पहिला प्रश्न आला, "हातमोजे का घालत नव्हते?" मी सांगितलं, लेथवर हातमोजे घालायचे नसतात, फिरत्या भागात अडकले तर हात जातो. माझ्या घराबद्दल इतक्या बारकाईने कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

पुढे एकदा विषय निघाला 'घर'. मी फ्लॅट शोधतानाचं लिहिलं. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की "मालकांना विचारून कळवतो." असे सात फ्लॅट. माझ्या आधी एकाने आपल्या सोसायटीतल्या गणेशोत्सवाचं फार सुंदर वाचलं होतं. त्याचे वडील त्याच सोसायटीच्या कमिटीवर. माझं वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "सातव्या फ्लॅटनंतर घरी काय सांगितलंस?" मी म्हणालो, "अम्मीला सांगितलं, भाडं परवडत नाही."

काही महिन्यांनी त्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला. फार कोणी साथ दिली नाही आणि नियम बदलला नाही. पण वडिलांशी त्याचं काय बोलणं झालं ते त्याने पुढच्या रविवारी लिहून आणलं. त्यांच्या ओळखीचा एकही मुसलमान नव्हता, नुसत्या ऐकीव गोष्टी होत्या. ते कारण मला पटलं नाही, पण कळलं. आज आमची मैत्री आहे आणि त्या मैत्रीत हा विषय वगळावा लागत नाही.

ही रीत नवी नाही. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीत लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तिथली मुलं सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या टेबलावर पसरून जुळवायची आणि एकत्र मजकूर घडवायची. १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं, मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आहे. आपल्या पुण्यात तर १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांनी तिची वस्ती कधी पाहिली नव्हती, त्यांच्यापर्यंत तो पोचला.

लेखनवर्गाने दंगली थांबतील असं मी म्हणत नाही. घर नाकारणं हा अन्याय आहे आणि त्यासाठी कायद्याचीच लढाई हवी. पण त्या लढाईत शेजारी कोण उभं राहील, हे आधीच्या ओळखीवर ठरतं.

म्हणून एवढंच करा. सात-आठ जण जमवा, पण सगळे आपल्याच मोहल्ल्यातले नकोत. जागा वाचनालयाची किंवा कॉलेजची घ्या. मुली निम्म्या असू द्या आणि त्यांना आधी वाचू द्या. घरात दखनी बोलत असाल तर ती तशीच लिहा, अम्मीची 'आई' करू नका. कुणाला नाही कळलं तर विचारेल, त्यासाठीच जमायचं आहे. आणि दुसऱ्याचं ऐकताना आपलं उत्तर मनात तयार करत बसू नका.

पहिला विषय मी देतो: 'आमच्या घरातलं कपाट'. वीस मिनिटं. वह्या काढा.