सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली एक नियम केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. कोरोनात शाळाच मोबाइलवर भरली, नंतर तो मुलांच्या हातून सुटेना, म्हणून ही धडपड. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की नियम मोठ्यांनाही लागू आहे. घरातले मोठे मालिकेत रमले असताना पोरानं पुस्तकात डोकं कसं घालावं? तुमच्याकडे भोंगा नसेल, तर घरापुरती वेळ ठरवा. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रात्री उशाशी तर नकोच. गजराला साधं घड्याळ पुरतं.