कंबरेचं दुसरं ऑपरेशन : सही करण्याआधी विचारा

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज हिशोबाच्या आधी कंबरेविषयी बोलायचंय. आपल्या एका ताईंनी ऑपरेशनसाठी कर्ज मागितलंय. त्यांना विचारूनच इथे बोलतेय. चार वर्षांपूर्वी त्यांचे कंबरेचे दोन मणके स्क्रू टाकून जोडले. मधे बरं होतं. आता पुन्हा कंबर धरते, पायात मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, वरची गादी झिजलीय, कृत्रिम गादी बसवता येईल. गटात चर्चा झाली ती पैशांची. पण आधी बघायला हवं, की हे ऑपरेशन ताईंच्या शरीराला चालेल का?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मधली गादी धक्का सोसते आणि आपल्याला वाकू देते. मणके जोडले की ते हाड एकजीव होतं. दुखणं कमी होऊ शकतं, पण तिथली हालचाल कायमची थांबते. साखळीच्या दोन कड्या वेल्डिंग करून टाकल्या, तर साखळी शेजारच्या कडीत वाकणार ना? तसा ताण शेजारच्या गादीवर येतो. वयानेही गादी झिजतेच, त्यामुळे सगळा दोष पहिल्या ऑपरेशनचा नसतो.

कृत्रिम गादी म्हणजे वर-खाली धातूच्या चकत्या आणि बहुतेक प्रकारांत मधे प्लास्टिक. ती हलते, म्हणून शेजारच्या मणक्यावरचा ताण कमी राहावा ही अपेक्षा. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात 1984 साली अशी गादी बसवायला सुरुवात झाली. ती तयार करणाऱ्या दोघांत एक बाई होती, कारिन ब्युटनर-यान्त्स. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढे हाडांची डॉक्टर झाली.

पण ही गादी सगळ्यांना चालत नाही. जोडलेल्या जागी ती सहसा बसवत नाहीत, शेजारच्या जागी बसवतात. हाडं ठिसूळ असतील तर गादी हाडात रुतू शकते. मणका सरकलेला असेल किंवा मागचे सांधे झिजलेले असतील, तरी डॉक्टर बहुधा नको म्हणतात.

आपल्या बायकांनी दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या. एक, पिशवी काढलीय का. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. दोन, सिझर किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन झालंय का. कारण ही गादी पोटाकडून बसवतात, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला करून. आधीच्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असेल तर धोका वाढतो. या गोष्टी लाजून लपवू नका.

सही करण्याआधी हे विचारा :

1. दुखणं नक्की याच गादीचं आहे, हे कशावरून?
2. पहिले मणके नीट जुळलेत का? एखादा स्क्रू ढिला नाही ना?
3. हाडांच्या ताकदीची तपासणी केली का?
4. व्यायाम आणि औषधं पुरेसे दिवस करून पाहिली का?
5. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?
6. खुरपणी, हंडा, मोळी, हे पुन्हा कधी करता येईल? की नाहीच?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. जुने एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड सांभाळून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, सावकाराकडे नंतरही जाता येत नाही असं नाही, पण जायची वेळच येऊ नये.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, पाय लुळा पडायला लागला, तर बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता आपल्या ताईंचं. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातील तेव्हा गटातल्या दोघी सोबत जातील, प्रश्नांचा कागद घेऊन. प्रवासखर्च गट देईल का, ते आज ठरवू. कर्जाचा निर्णय त्या परत आल्यावर. आणि ऑपरेशन होवो न होवो, या हंगामात त्यांच्या डोक्यावर हंडा नको. पाणी कोण भरणार, ते आत्ताच हात वर करून सांगा.