लुशिया हॅरिस कुठे खेळणार होती?

आज आम्ही एका बास्केटबॉल खेळाडूची गोष्ट घेऊन आलो आहोत. ती अमेरिकेतली, नाव लुशिया हॅरिस. आपल्याकडे हे नाव फार कुणी ऐकलेलं नाही. आमच्या गटातही चित्रपट बघेपर्यंत ते कुणाला माहीत नव्हतं.

लुशियाचा जन्म १९५५चा, मिसिसिपी राज्यातल्या मिंटर सिटी या खेड्यातला. घर कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं, भावंडं पुष्कळ. कापूस वेचायला ती लहानपणापासून जायची. कापूस वेचून बोटं कशी होतात ते आपल्यातल्या कितीतरी जणींना सांगायला नको. रात्री सगळे झोपले की ही पांघरुणाखालून टीव्हीवर बास्केटबॉलचे सामने बघायची. ऑस्कर रॉबर्टसन हा तिचा आवडता खेळाडू. तो टाकतो तसा चेंडू आपल्याला टाकता आला पाहिजे, एवढंच तिच्या मनात.

उंची सहा फूट तीन इंच. शाळेत पोरं चिडवायची, नुसतीच ताडमाड वाढलीय म्हणून. बास्केटबॉलच्या मैदानात मात्र ती उंची कामाला आली.

१९७३ साली ती डेल्टा स्टेट या कॉलेजात गेली. इथे तिच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९३०च्या सुमारास वेड त्याच कॉलेजच्या मुलींच्या संघात खेळत होत्या. मग कॉलेजनं ठरवलं, हा खेळ मुलींच्या जातीला फार दांडगट आहे, आणि संघच बंद केला. मुलींनी रागानं आपले गणवेश जाळले. पुढे सुमारे चाळीस वर्षं तिथे मुलींचा संघच नव्हता. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, ठिकठिकाणी मुलींचे संघ उभे राहू लागले, आणि साठीच्या मार्गारेटबाईंना कॉलेजनं प्रशिक्षक म्हणून बोलावलं. आपला संघ गमावलेली बाई आणि कापसाच्या शेतातून आलेली पोरगी अशा एकत्र आल्या.

संघात लुशिया एकटीच कृष्णवर्णीय होती. या संघानं १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षं महिला महाविद्यालयांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. लुशियाची सरासरी होती सामन्याला जवळपास २६ गुण. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं, आणि ऑलिम्पिकच्या इतिहासात बायकांच्या बास्केटबॉलमधले पहिले गुण लुशियानं मिळवले. समोर जपानचा संघ होता. तो सामना अमेरिका हरली, पण स्पर्धा संपताना रौप्यपदक घेऊन परतली.

इथपर्यंत गोष्ट सरळ वर चढत जाते. त्या वर्षी सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकेच्या पुरुष संघातले अनेक जण पुढे एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत खेळले, कमावते झाले. लुशिया बावीस वर्षांची, खेळ ऐन बहरात, आणि बायकांसाठी तशी स्पर्धाच अमेरिकेत नव्हती.

१९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघानं खेळाडूंच्या निवडीत सातव्या फेरीत तिचं नाव घेतलं. आधी एकदा दुसऱ्या एका मुलीचं नाव घेतलं गेलं होतं, पण ती निवड रद्द झाली. म्हणून अधिकृतपणे निवडली गेलेली पहिली बाई लुशिया. तिच्याविषयीच्या लेखांचा मथळा हाच असतो. ती मात्र गेली नाही. हा गाजावाजा करण्यासाठी केलेला खटाटोप आहे असं तिला वाटलं. लग्न झालेलं होतं, पोटात बाळ होतं. या नकाराचा आपल्याला जराही पस्तावा नाही, असं तिनं म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. पण त्याच मुलाखतीत तिनं हेही सांगितलं, की आपण पुरुष असतो तर पुढे खेळायला वाटा असत्या. आम्हाला हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. पुरुषांच्या संघानं बोलावलं याचंच कौतुक किती करायचं? तिला बायकांचा संघ हवा होता.

१९७९-८० साली ती ह्यूस्टनच्या एका महिला संघाकडून एक हंगाम खेळली. ती स्पर्धा १९८१मध्ये बंद पडली. बायकांसाठीची आजची डब्ल्यूएनबीए १९९७ साली सुरू झाली, तेव्हा लुशिया बेचाळीस वर्षांची होती.

मधल्या काळात तिला बायपोलर हा मनाचा आजार झाला. कधी उत्साह आवरत नाही, कधी अंथरुणातून उठवत नाही, असा हा आजार. तिनं उपचार घेतले, चार मुलं वाढवली, शिवाय ज्या शाळेत शिकली तिथेच शिक्षिका आणि प्रशिक्षक झाली. आजाराबद्दल ती उघडपणे बोलली. आपल्याकडे ते अजून किती जणींना जमतं?

१९९२ साली अमेरिकेच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. त्या समारंभात तिच्यासोबत मंचावर कोण होता? ऑस्कर रॉबर्टसन, तोच, पांघरुणाखालून बघितलेला.

लुशिया १८ जानेवारी २०२२ रोजी वारली. तिच्यावरच्या ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ या माहितीपटाला दोनच महिन्यांनी ऑस्कर मिळालं. चित्रपट २२ मिनिटांचा आहे. येत्या शनिवारी दुपारी चारला केंद्राच्या खोलीत तो मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. बोलणं इंग्रजीत आहे, ते आम्ही थांबवून थांबवून मराठीत सांगू. मुलींना घेऊन या.