रक्तपिपासूचा मुखवटा



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, की तो बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची मनाची तयारी असते. आज आम्ही मुलांच्या एका चित्रपटावर बोलणार आहोत. चित्रे काढून ती हलती केलेला हा चित्रपट २००३ साली निघाला. त्याचे नाव ‘स्कूबी-डू अँड द लेजंड ऑफ द व्हँपायर’. चार तरुण आणि एक भित्रा कुत्रा भुताखेतांचा शोध घेत हिंडतात. ते ऑस्ट्रेलियात जातात. तेथे एका खडकाच्या पायथ्याशी गाण्यांचा जलसा आहे आणि रक्तपिपासू पिशाच येऊन गवय्यांना पळवून नेत आहे. सगळे घाबरलेले आहेत. ही मंडळीही घाबरतात, पण पळता पळता शोध सोडत नाहीत. आणि शेवटी निघतात ती हाडामांसाची माणसेच. ना कबर, ना पिशाच. सारा स्पर्धेतला स्वार्थ.

पनवेलच्या घराघरांतून मुलांनी अशी चित्रे पाहिली. पालक आम्हांला विचारतात, “असली भुतांची चित्रे मुलांना दाखवावी काय?” आमचे उत्तर असे की, पोराला भूत दाखवले यात बिघडत नाही, मुखवटा ओढण्याच्या आत चित्र बंद केले, तर मात्र बिघडते.

या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत १३ सप्टेंबर १९६९ रोजी दाखवला गेला. त्या पहिल्या मालिकेत नियम पक्का होता. भूत येणार, लोक पळणार, आणि अखेरीस मुखवट्याखाली कोणी तस्कर, कोणी खोट्या नोटा छापणारा, कोणी वारसाच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारा सापडणार. म्हणजे भूत आहे की नाही, हा त्या पोरांचा खरा प्रश्नच नव्हे. या भुताने कोणाचे फावते, हा त्यांचा प्रश्न. मौज अशी की, १९९८ साली निघालेल्या याच मंडळींच्या चित्रपटात भुते खरीच निघाली! धंद्याला तेही चालते. २००३ च्या चित्रपटाने मुखवटा परत आणला, म्हणून आम्ही तो निवडला.

हा कुत्रा ज्यांनी रेखाटला त्या इवाओ ताकामोतो यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. जन्म लॉस एंजेलिसचा, आईबाप जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारला आपल्याच देशातील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांत शत्रू दिसू लागला आणि त्यांना छावण्यांत कोंडले. ताकामोतो त्यांतलेच एक. छावणीतल्या सोबत्यांकडूनच ते चित्रकलेचे धडे शिकले. सरकारांनाही भुते दिसतात ती अशी, आणि त्यांचा भुर्दंड गरीब रहिवाशाला पडतो.

आता या रक्तपिपासूचे कूळ पाहू. त्याचे माहेर युरोपच्या पूर्वेकडचे. तेथे अठराव्या शतकात गावेच्या गावे कबरी उकरीत, प्रेतांच्या छातीत खुंट्या ठोकीत. १७५५ साली ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिने चौकशी करविली आणि तिचा राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याने तिच्या आधारे अहवाल लिहिला, की यात भूत नाही, अज्ञान आहे. प्रेत कुजताना वायूने फुगते, तोंडाशी रक्तासारखा द्रव येतो, कातडी आक्रसली की नखे वाढल्यासारखी दिसतात. राणीने कबरी उकरण्यास मनाई केली. पिशाचाचा शोध घेणारे पथक चित्रपटवाल्यांनी प्रथम काढले असे नव्हे. ते सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच निघाले होते.

पुढे ब्रॅम स्टोकरने १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ लिहिली. त्यातील पिशाच कोण? गढीत राहणारा सरंजामदार! रयत ज्याच्या नावाने कापते, असा जमीनदार. त्याच्या तीस वर्षे आधी, १८६७ साली, कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात भांडवलाला हीच उपमा दिली होती. मेलेले श्रम जिवंत श्रम शोषून जगतात, असा त्याचा आशय आहे. आणि तो कामाच्या तासांच्या चर्चेत आला आहे, हे ध्यानात घ्यावे. बारा-बारा तासांच्या पाळीतून बाहेर पडणाऱ्या कामगाराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

आमच्याकडे रक्त पिणारा जमीनदार भूत होत नाही, हा फरक मोठा आहे. कोकणची भुतावळ आठवा. मुंजा कोण? मुंज होऊन सोडमुंजीआधीच गेलेला बटू. अळवंत कोण? बाळंतपणात गेलेली बाई. समंध कोण? वासना अपुरी राहून मेलेला. जात, वय, बाईपण, सगळे तेथे जसेच्या तसे आहे. आणि बहुतेक भुते ही ज्यांचे काही राहून गेले, ज्यांचे कोणी ऐकले नाही, अशांची आहेत. त्यांचे भूत म्हणजे गढीतला मालक. आमचे भूत म्हणजे माजघरातली सून.

आणि वेताळ? रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकले. आमच्या वेताळावर हा अन्याय आहे. शिरोड्याजवळच्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. पायताण झिजेपर्यंत पहारा देणारा हा देव आम्हांला तरी रातपाळीच्या वॉचमनचा सोयरा वाटतो!

अशा या भूमीत भुताचा शोध घेणाऱ्यांना चित्रपटातल्याहून अवघड काम करावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. भानामतीची प्रकरणे कार्यकर्त्यांपुढे येत. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेट घेतात, अन्नात घाण सापडते. कार्यकर्ते घरी जात, एकेका माणसाशी निवांत बोलत, आणि त्यांना मानवी हातच सापडे. पण तो हात पुष्कळदा घरातील सर्वांत दबलेल्या माणसाचा असे. सासुरवासाने पिचलेली सून, कोणी न विचारणारे पोर. येथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्या माणसाचे नाव चारचौघांत सांगितले नाही. त्याला समजावले, घरच्यांना वागणूक सुधारण्यास सांगितले, आणि भानामती थांबली.

बंधूंनो, आजच्या भाषणाचे सार येथे आहे. मुखवटे दोन प्रकारचे असतात. एक लुबाडणाऱ्याचा, तो भर चौकात ओढून काढावा. दुसरा सोसणाऱ्याचा, तो हळूच सोडवावा, कारण त्याच्याखाली जखम असते. चित्रपटाला पहिलाच ठाऊक आहे. आपल्याला दोन्ही ओळखता आले पाहिजेत.

आमच्या कामातले एक उदाहरण देतो. पनवेलजवळच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या बायांना दुसऱ्या पाळीत घेरी येऊ लागली. एकीच्या अंगात आले. जागा बाधित आहे, अशी कुजबूज झाली. व्यवस्थापनाने तत्परतेने भगत आणला, नारळ फोडला, कोंबडे कापले. युनियनने काय केले? खिडक्या मोजल्या. एक खिळे मारून बंद केलेली होती आणि शेजारच्या खोलीत रसायनाची पिंपे होती. हवा खेचणारा पंखा बसवा, पिंपे हलवा, अशी मागणी केली. पंखा बसला आणि घेरी थांबली. हा झाला पहिला मुखवटा. पण जिच्या अंगात आले त्या बाईने आधी तीन वेळा मुकादमाला सांगितले होते, की उभे राहून पाय सुजतात, बसायला स्टूल द्या. कोणी ऐकले नाही. अंगात आल्यावर मात्र साहेब हात जोडून समोर उभे राहिले. देवीचे ऐकले जाते, बाईचे ऐकले जात नाही. तेथे अंगात येणारच. तिची फजिती करणे हे आमचे काम नव्हते. तिला स्टूल मिळवून देणे हे होते.

हे पनवेलपुरते आहे असे समजू नका. मलेशियात परदेशी कंपन्यांच्या विद्युत सुट्या भागांच्या कारखान्यांत खेड्यातून आलेल्या मुली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. १९७८ साली अशा एका कारखान्यात मुलींना भूत दिसू लागले, किंकाळ्या उठल्या. सूक्ष्मदर्शकावरच्या सुमारे १२० कामगार मुलींचे ते खाते. कारखाना ३ दिवस बंद राहिला आणि मांत्रिक आणून आवारात बकरा कापावा लागला. ऐहवा ओंग या विदुषीने १९८७ च्या आपल्या ग्रंथात हा सारा प्रकार अभ्यासला आहे. तिचे म्हणणे असे की, ज्यांना संप करता येत नाही त्यांचा निषेध भुताच्या तोंडून बाहेर पडतो. कोंबडे पनवेलचे काय, बकरा मलेशियाचा काय, मालकाला तो पंख्यापेक्षा आणि विश्रांतीच्या सुट्टीपेक्षा स्वस्त पडतो!

आता पहिल्या प्रकारच्या मुखवट्याकडे वळू, कारण तो जीव घेतो. आदिवासी पट्ट्यांत एखाद्या बाईला भुताळी, डाकीण ठरवतात. गावात पोर दगावले, गुरे मेली, की बोट तिच्याकडे जाते. ती बहुधा विधवा, एकटी. आणि पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. ‘कोणाचे फावते?’ हा पोरांचा प्रश्न येथे विचारून पाहावा. तिला गावाबाहेर हाकलल्यावर ते रान कोण नांगरतो, हे पाहावे. भूत पुष्कळदा सातबाऱ्यावर सापडते!

याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून दाभोलकरांनी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, करणी केल्याचा आळ घेऊन कोणाचे जिणे नकोसे करणे, साप चावलेल्यास दवाखान्यात जाऊ न देणे, अशी १२ कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. वारी, पूजा, कीर्तन यांना तो हात लावीत नाही. दीड वर्ष उलटते न उलटते तोच, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते २० तारखेला गेले. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला: दोघांना जन्मठेप, तिघांची निर्दोष सुटका. चित्रपटात मुखवटा ओढला की पोलिसांची गाडी येते आणि गोष्ट संपते. येथे मुखवट्याला हात घालणाराच मारला गेला, आणि निकालाला जवळजवळ अकरा वर्षे लागली.

मग मुलांना काय सांगावे? आम्ही म्हणतो, त्यांना चित्रपट शेवटपर्यंत दाखवा, आणि मग आपल्या वेताळाची गोष्ट सांगा. राजा विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस, तर डोक्याची शंभर शकले होतील; आणि बोललास, तर मी पुन्हा झाडावर. राजाला पेच कळतो. तरी तो बोलतो आणि परत फिरून झाडाकडे जातो. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

संघटनेचे काम असेच आहे, आणि शहाण्या नागरिकाचेही. एका खात्यात पंखा बसवला, की दुसऱ्या खात्यात कोंबडे कापल्याची बातमी येते. एका वाडीत एका बाईला परत घरी आणले, की दुसऱ्या वाडीतून निरोप येतो. वेताळ झाडावर जातो, जाऊ द्या. आपण पुन्हा झाडाकडे निघावे. ठाऊक असून गप्प बसणे तेवढे आपल्याला परवडणारे नाही.