कराचीला न पोचलेली वायुनौका

सायकलच्या चाकात हवा भरताना तुम्ही पंपाला हात लावून पाहिला आहे का? पंप गरम लागतो. कोंडून दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात, की तिच्यात तेल फवारताच ते पेट घेते. ठिणगी लागतच नाही. पण एवढा दाब सोसायचा, तर इंजिन भक्कम हवे; आणि भक्कम म्हटले, की ते जड होणारच. रेल्वेला ते चालते. आकाशात उडणाऱ्याला कसे चालावे?

इंग्लंडमधल्या कार्डिंग्टन गावी 'आर १०१' नावाची वायुनौका बांधली जात होती. वायुनौका म्हणजे हायड्रोजन वायूने तरंगणारे अवाढव्य जहाज. तिला हिंदुस्थानात, कराचीला यायचे होते. कराची त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यात होते. तिथे तिच्यासाठी भलीमोठी शेडही उभारली होती. उष्ण प्रदेशात पेट्रोलची वाफ चटकन पेटेल, अशी भीती होती. म्हणून नौकेला पाच डिझेल इंजिने बसवली. तीही मुळात रेल्वेसाठी आखलेली! एकेकाचे वजन २ टनांहून जास्त. नौका जड झाली. मग तिला मधोमध कापून जोड दिला आणि वायूची आणखी एक पिशवी बसवली. लांबी झाली सुमारे २३७ मीटर. एवढा बदल केल्यावर पुरेशी चाचणी नको का घ्यायला? पण निघण्याची घाई होती.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ५४ माणसांना घेऊन ती निघाली. वारापाऊस चालू होता. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमारास, फ्रान्समधल्या बोव्हे गावाजवळ ती जमिनीवर आदळली. हायड्रोजन भडकला. पेट्रोल टाळले, पण आग टळली नाही. ४८ माणसे मृत्युमुखी पडली.

वाचलेल्या सहांपैकी चौघे इंजिने सांभाळणारे होते. नौकेच्या पोटाखाली टांगलेल्या लहान खोल्यांत त्यांचे काम चाले. बिंक्स आणि बेल यांच्या खोलीवर पाण्याची टाकी फुटली, म्हणून ते वाचले. हॅरी लीच तर सुटल्यावरही सोबत्यासाठी पुन्हा आगीत शिरला!

कराचीची शेड रिकामीच राहिली. एकही वायुनौका तिथे कधी आली नाही.

आज इंग्लंडच्या आकाशात डायमंड डीए ४२ नावाची छोटी विमाने दिसतात. त्यांची इंजिने डिझेल जातीचीच आहेत; एकेकाचे वजन २०० किलोंच्या आसपास. त्यांना रॉकेलसारखे विमानाचे तेल चालते. ठिणगी मात्र अजूनही लागत नाही.