सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीची काळजी घेण्यास मराठी घराला कुणी शिकवावे लागत नाही. अंगाला तेल लावून गरम पाण्याने न्हाणे, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आहळिवाची खीर, या साऱ्यांची व्यवस्था आजी-मावश्या मुखोद्गत असल्यासारखी करतात. परंतु हे सर्व सव्वा महिन्यापुरते असते. पुढे घराचे लक्ष बाळाकडे वळते आणि आई बरी झाली असे सर्वांनी धरून चाललेले असते. बाळंतपणानंतरचा एक विकार मात्र बहुधा याच सुमारास, किंवा त्याहूनही उशिरा, डोके वर काढतो.

गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचा स्राव रक्तात मिसळून शरीराच्या सर्व व्यवहारांचा वेग ठरवितो. स्राव अधिक झाला की हृदय धडधडते, हात कापतात, माणूस चिडचिडा होतो व वाळतो. उणा पडला की अंग जड होते, थंडी सोसत नाही, मलावरोध होतो, त्वचा कोरडी पडते, केस गळतात आणि मन उदास होते.

गर्भ हा मातेच्या शरीरातील पाहुणाच होय. त्याला परका समजून शरीराने त्याच्यावर चालून जाऊ नये, म्हणून गरोदरपणी शरीराची संरक्षक शक्ती काहीशी आवरलेली असते. प्रसूतीनंतर हा लगाम सुटतो. ज्या स्त्रियांच्या रक्तात या ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये मुळातच असतात, त्यांच्या ठायी ही शक्ती उसळून आपल्याच ग्रंथीवर तुटून पडते. पहारेकऱ्यानेच घरधन्याला चोर समजावे, तसा हा प्रकार आहे.

प्रथम ग्रंथीतील साठविलेला स्राव एकदम बाहेर सांडतो आणि काही आठवडे अतिस्रावाची लक्षणे दिसतात. पुढे साठा संपतो, ग्रंथी दुबळी होते आणि साधारणतः चौथ्या ते आठव्या महिन्यात ऊनस्रावाची अवस्था येते. प्रत्येकीस दोन्ही अवस्थांतून जावे लागते असे नाही. पण जिला जावे लागते, तिच्या बाबतीत आपली रीतच रोगाला आडोसा देते. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाला घेऊन सासरी जाते. धडधडणारी, रोडावलेली मुलगी आईने पाहिलेली असते. सुस्तावलेली, विसराळू सून सासू पाहते. एकीला वाटते जागरणाने झाले, दुसरीला वाटते माहेरी लाडावली. एकाच दुखण्याचे दोन तुकडे दोन घरांत विखुरतात आणि मधल्यामध्ये ती स्त्री आळशी ठरते.

या दुखण्याची ओळख वैद्यकालाही सावकाशच पटली. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी शल्यवैद्याने चार स्त्रियांच्या गलगंडांत रक्तातील पांढऱ्या पेशींची दाटी झालेली पाहिली व तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४८ साली न्यूझीलंडमधील रॉबर्टन या डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचा थकवा, थंडी वाजणे व केसांतील बदल थायरॉइडच्या अर्काने बरे होतात, असे लिहिले. पण तिकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५६ साली लंडनमधील संशोधकांना हाशिमोटोच्या रोग्यांच्या रक्तात या ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. १९८२ साली ओसाकाच्या आमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक मातांची पाहणी केली, तेव्हा शेकडा साडेपाच जणींत हा विकार दिसून आला.

बाळंतिणीचा प्रत्येक थकवा थायरॉइडचा नव्हे. रक्तक्षय, अपुरी झोप, मनाचे आजार हीही कारणे असतात. त्यांचा निवाडा अंदाजाने होत नाही. थायरॉइडपुरता तो रक्ताच्या तपासणीने होतो. अतिस्रावाच्या अवस्थेत ग्रंथीचे काम रोखणारी औषधे येथे उपयोगी पडत नाहीत, कारण ग्रंथी नवा स्राव अधिक करीत नसते, जुनाच सांडत असते. मात्र ग्रंथी खरोखरच अधिक स्राव करते असा ग्रेव्ह्ज नावाचा निराळा रोगही बाळंतपणानंतर उद्भवतो. म्हणून भेद डॉक्टरांनीच करावयाचा. ऊनस्राव त्रासदायक असेल तर थायरॉक्सिनची गोळी देतात. तिच्यासाठी बाळाचे अंगावरचे दूध तोडावे लागत नाही. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. काहींची होत नाही, आणि पुढच्या बाळंतपणात विकार पुन्हा उद्भवण्याचा संभव बराच असतो. म्हणून बऱ्या झालेल्यांनीही दरवर्षी तपासणी करून घ्यावी. जिला लहानपणापासून इन्सुलिन घ्यावे लागते किंवा जिच्या घराण्यात थायरॉइडचे विकार आहेत, तिने विशेष जपावे.

बाळाच्या लशींच्या तारखा घरात जपून ठेवलेल्या असतात. बाळाला घेऊन दवाखान्यात गेलेच आहोत, तर त्याच्या आईला कसे वाटते हेही त्याच वेळी विचारावे. आणि विहीणबाईंनी परस्परांना दोन शब्द सांगावेत: माहेरी काय दिसले आणि सासरी काय दिसते. पुष्कळदा तेवढ्यावरून डॉक्टरांना रोगाचा माग लागतो.