अपडेटनंतर पत्ता कुठे अडतो?



शाळा, पतसंस्था, दवाखाना, साखर कारखाना, कुठेही जा, संगणकांचं जाळं सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो. हुद्दा लिपिकाचा किंवा प्रयोगशाळा सहायकाचा, आणि नेटवर्कच्या रॅकची किल्लीही त्याच्याच खिशात. आजचं बोलणं मुख्यतः अशा मंडळींसाठी आहे. स्विचचं फर्मवेअर अपडेट केलं, स्विच नीट सुरू झाला, पोर्टचे हिरवे दिवेही लागले, पण यंत्रांना आयपी पत्ते मिळेनासे झाले. अशा वेळी काय बघायचं, आणि आधी काय बघायचं, ते मला सांगायचं आहे.

अपडेटच करू नये, असं मी म्हणणार नाही. फर्मवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी एकदा जाहीर झाल्या की त्यांचा गैरफायदा घेणारेही कामाला लागतात. अपडेट करायलाच हवं. माझा विरोध आहे तो त्यानंतरच्या एका सवयीला. पत्ता मिळत नाही असं दिसलं की आपण त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जातो, हातानं एक आकडा टाकतो आणि काम सुरू करून देतो. समोरचा माणूस खूश होतो, पण दोष जागच्या जागी राहतो. शिवाय हातानं दिलेला पत्ता पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला ठाऊक नसतो. पुढे कधीतरी सर्व्हर तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला देतो, आणि मग दोन्ही यंत्रं अधूनमधून बंद पडू लागतात. तोवर अपडेटची गोष्ट कुणाच्या लक्षातही उरलेली नसते.

पहिल्यांदा एक फरक ध्यानात घ्या. स्विचचा स्वतःचा पत्ता वेगळा आणि स्विचला जोडलेल्या यंत्रांचे पत्ते वेगळे. साधा स्विच यंत्रांमधली माहिती इकडून तिकडे पोचवतो, त्यासाठी त्याला स्वतःचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो आपल्याला त्याच्या सेटिंगच्या पानावर जाण्यासाठी. त्यामुळे अपडेटनंतर स्विच पिंगला उत्तर देत नसला, तरी जाळ्याचं काम बिनबोभाट चालू असू शकतं. उत्तर नाही म्हणून घाईनं स्विचचा प्लग काढू नका.

मग स्विचचा पत्ता जातो कुठे? कारणं तीन असू शकतात. एक, अपडेटमध्ये सेटिंग पुसली जाऊन स्विच कारखान्यातून निघाला तेव्हाच्या पत्त्यावर गेला असेल. हा पत्ता कंपनीगणिक वेगळा असतो, १९२.१६८.०.१ किंवा तसाच काही, आणि तो बहुतेकदा स्विचच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. तुमचं ऑफिस १९२.१६८.१० च्या मालिकेत असेल, तर तिथून तो दिसणार नाही. लॅपटॉपला तात्पुरता त्या मालिकेतला पत्ता द्या, केबल सरळ स्विचमध्ये लावा आणि आत जा. दोन, स्विच ज्या व्हीलॅनमधून, म्हणजे जाळ्याच्या ज्या वेगळ्या काढलेल्या भागातून, सांभाळला जायचा, तो बदलून पुन्हा पहिल्या क्रमांकाच्या व्हीलॅनवर आला असेल. आणि तीन, स्विच स्वतःच सर्व्हरकडून पत्ता घेत असेल, तर त्याला दुसराच पत्ता मिळाला असेल.

या तिसऱ्या कारणापाशी थोडं थांबतो, कारण ते पटकन सुचत नाही. आपण सर्व्हरवर नोंद करून ठेवतो, की अमुक मॅक पत्त्याच्या यंत्राला कायम अमुकच आयपी पत्ता द्यायचा. पण मागणी करताना यंत्र मॅक पत्त्याशिवाय आणखी एक ओळख पाठवू शकतं. तांत्रिक भाषेत तिला क्लायंट आयडेंटिफायर म्हणतात, पर्याय क्रमांक ६१. ती ओळख आली की सर्व्हरनं तिलाच प्रमाण मानायचं, असा नियम आहे. जुनं फर्मवेअर ही ओळख पाठवत नव्हतं आणि नवं पाठवू लागलं, किंवा तिचा नमुना बदलला, की सर्व्हरच्या लेखी तो नवाच पाहुणा ठरतो. राखून ठेवलेला पत्ता तसाच पडून राहतो आणि स्विचला दुसरा कुठला तरी मिळतो. इथे स्विचशी झटापट करण्यात अर्थ नाही. सर्व्हरवर दिलेल्या पत्त्यांची यादी उघडा, स्विचच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरच्या मॅक पत्त्यानं शोधा, स्विच सापडेल. मग नोंद नव्या ओळखीप्रमाणे दुरुस्त करा.

आता यंत्रांच्या पत्त्यांकडे येऊ. पत्ते वाटण्याची जी पद्धत जगभर वापरतात, ती म्हणजे डीएचसीपी. तिचा पहिला मसुदा १९९३ चा, आणि आज आपण वापरतो ते तिचं रूप १९९७ मध्ये ठरलं. तिच्यात चार निरोप असतात. नवं यंत्र जाळ्यात सगळ्यांना उद्देशून विचारतं, कुणी पत्ता देणारं आहे का? हा झाला डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, हा घे, याला ऑफर म्हणतात. यंत्र सांगतं, हाच मला हवा, म्हणजे रिक्वेस्ट. आणि सर्व्हर शिक्कामोर्तब करतो, ते अ‍ॅक. यंत्राकडून निरोप निघतात ते सर्व्हरच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टसाठी, उत्तरं येतात यंत्राच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवर. पत्ता मिळत नाही याचा अर्थ एवढाच, की या चारपैकी एखादा निरोप वाटेत अडला. कोणता अडला ते कळलं, की निम्मं काम झालं.

यंत्राला उत्तर मिळालं नाही, की विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेतं. संगणकावर हा आकडा दिसला तर आनंदाची गोष्ट एवढीच, की लॅन कार्ड चालू आहे आणि केबल जोडलेली आहे. सर्व्हरपर्यंतचं बोलणं मात्र तुटलेलं आहे.

एका साखर कारखान्यातलं उदाहरण सांगतो. गळीत हंगाम चालू होता. सुरक्षेची त्रुटी गंभीर होती, म्हणून मुख्य स्विचचं फर्मवेअर मध्यरात्री अपडेट केलं गेलं. पहाटे सगळं सुरळीत होतं. दुपारनंतर एकेक यंत्र गळायला लागलं. आधी शेती विभागातला एक संगणक, मग भांडार, आणि संध्याकाळी वजनकाटा. काट्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचं, आणि दोन्ही आकडे एकाच नोंदीत जुळावे लागतात. काट्याचा संगणक जाळ्यातून सुटला, तेव्हा भरलेल्या गाड्यांची वजनं तिथेच अडकून राहिली. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढत गेली, आणि काट्यावरचा कर्मचारी हातानं पावत्या लिहू लागला. उसाचं वजन म्हणजे शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न. तिथे एक पावतीही चुकून चालत नाही.

सगळ्यांचं म्हणणं, बिघाड दुपारी झाला, मग रात्रीच्या अपडेटशी त्याचा काय संबंध? संबंध होता, आणि तो लीजच्या मुदतीत होता. डीएचसीपीचा पत्ता ठरावीक मुदतीपुरता मिळतो. तिथे ही मुदत २४ तासांची होती. मुदतीचा अर्धा भाग, म्हणजे १२ तास उलटले, की यंत्र नूतनीकरण मागतं. उत्तर आलं नाही, तर ते मुदत संपेपर्यंत जुन्याच पत्त्यावर काम करत राहतं आणि मधूनमधून पुन्हा मागतं. मध्येच स्विच बंद होऊन सुरू झाला तरी विंडोज आपला गेटवे पिंग होतो का एवढं बघतं, आणि होत असेल तर जुना पत्ता सोडत नाही. आता हिशेब करा. अपडेटच्या जरा आधी ज्यानं नूतनीकरण केलं होतं, त्याची मुदत संपली दुसऱ्या मध्यरात्रीच्या सुमारास. ज्यानं ११ तास आधी केलं होतं, त्याची संपली १३ तासांनी, म्हणजे भर दुपारी. बाकीची यंत्रं या दोहोंच्या मधे. दोष एका क्षणी शिरला होता, पण दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत हप्त्याहप्त्यानं दिसत होता. पत्ते वाटणारा विंडोज सर्व्हर असेल, तर सुरुवातीची मुदत ८ दिवसांची असते. तिथे हेच चित्र चौथ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत पसरतं, आणि कारण ओळखणं आणखी अवघड होतं.

तिथेही पहिला उपाय झाला तो हातानं पत्ते टाकण्याचाच. काटा सुरू झाला, आणि थोड्या वेळानं लेखा विभागाचा प्रिंटर बंद पडला, कारण काट्याला दिलेला पत्ता त्याचा होता.

खरं कारण असं निघालं. त्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय चालू होती. कुणी घरचा वायफाय राउटर आणून जाळ्यात लावला आणि तो भलतेच पत्ते वाटू लागला, तर त्याला रोखायची ही सोय. स्विचला सांगून ठेवायचं असतं, की सर्व्हर अमुक पोर्टच्या बाजूला आहे, तेवढ्याच पोर्टवर विश्वास ठेव. बाकी पोर्टांवरून आलेली ऑफर आणि अ‍ॅक स्विच टाकून देतो. नव्या फर्मवेअरनं पोर्टांची नावं लिहिण्याची पद्धत बदलली होती. सुरू होताना स्विचनं जुनी सेटिंग ओळीओळीनं वाचली. स्नूपिंग चालू करा, ही ओळ त्याला समजली. अमुक पोर्टवर विश्वास ठेवा, ही ओळ जुन्या नावामुळे समजली नाही, म्हणून ती गळाली. पहारा बसला आणि आत कुणाला सोडायचं ते सांगणारी ओळच नाहीशी झाली. सर्व्हर इमानेइतबारे उत्तरं देत होता, आणि स्विच ती टाकून देत होता. ती एक ओळ नव्या नावानं लिहिली आणि पत्ते वाटले जाऊ लागले.

म्हणून माझा आग्रह आहे, की अपडेटच्या आधीची सेटिंग आणि नंतरची सेटिंग, दोन्ही फाइलमध्ये उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. नुसता बॅकअप घेऊन भागत नाही. स्विचच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, नाकारलेल्या ओळींचा उल्लेख बहुधा असतो, पण तो सुरू होतानाच्या गर्दीत असतो आणि कुणी तिकडे बघत नाही.

स्नूपिंगचा आणखी एक पैलू आहे. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राला कोणता पत्ता मिळाला, याचा तक्ता स्विच मनात ठेवतो. तो वेगळा जतन करायची सोय केली नसेल, तर अपडेटनंतर स्विच रीस्टार्ट होताच तक्ता कोरा होतो. त्या तक्त्यावर विसंबून यंत्रांची तपासणी करणारी सोयही चालू असेल, तर पत्ता बरोबर असलेलं यंत्रसुद्धा अडवलं जातं. अशा यंत्राला पत्ता सोडून पुन्हा मागायला लावा.

बाकी दोन कारणं थोडक्यात. जाळ्यात केबलचा फेरा होऊन माहिती गोल गोल फिरू नये, यासाठी १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली. तिच्यामुळे नव्यानं जोडलेलं पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मगच माहिती सोडतं. संगणकासाठीचं पोर्ट हे टोकाचं आहे, तिथे थांबू नका, अशी सेटिंग अपडेटमध्ये गेली, तर दर वेळी ३० सेकंद जातात. संगणक धीर धरतो, पण एखादा जुना प्रिंटर किंवा हजेरीचं यंत्र तेवढा धरत नाही. ओळखायची खूण म्हणजे केबल न काढता यंत्रानं पुन्हा पत्ता मागितला, की तो लगेच मिळतो. दुसरं कारण पर्याय क्रमांक ८२. यंत्राच्या मागणीला स्विच आपल्या पोर्टची माहिती जोडू लागतो, आणि काही राउटर अशी जोड असलेली मागणी घेतच नाहीत. ती जोडणी बंद करून बघा.

निरोप नेमका कुठे अडतो हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर वायरशार्क हे मोफत साधन आहे. ते आधी यंत्रावर लावा, मग सर्व्हरकडच्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन तिथे लावा. यंत्रावर नुसते डिस्कव्हर दिसतात आणि सर्व्हरकडे ते पोचतच नाहीत, तर व्हीलॅन किंवा पर्याय ८२ तपासा. सर्व्हरकडून ऑफर निघते पण यंत्राला दिसत नाही, तर स्नूपिंग. सगळे चार निरोप दिसतात पण मालिका भलतीच आहे, तर दुसरा कुणीतरी पत्ते वाटतो आहे किंवा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये गेलं आहे.

आणि घाईत ज्यांना हातानं पत्ते दिले, त्यांची यादी त्याच दिवशी करा. दोष सापडल्यावर एकेका यंत्रावर जाऊन पत्ता आपोआप मिळवण्याची सेटिंग परत चालू करा. ज्या यंत्राला कायम एकच पत्ता लागतो, त्याची नोंद सर्व्हरवर करा, यंत्रावर नको. म्हणजे पुढच्या अपडेटला कोणता पत्ता कुणाचा, हे एकाच ठिकाणी बघता येईल.